'रेश्मा और शेरा'तील मुलगा आणि दयेचा अर्ज

सुनील दत्त यांनी 1971 साली 'रेश्मा और शेरा' हा चित्रपट काढला. राजस्थानच्या वाळवंटातील दोन घराण्यांचे पिढीजात वैर हा त्याचा विषय. त्यातील एका कव्वालीच्या प्रसंगात गाणाऱ्यांच्या मेळाव्यात एक लहान मुलगा क्षणभर दिसतो. तो दिग्दर्शकाचा मुलगा संजय. चित्रपट त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला, वहिदा रहमान यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. कव्वालीतील तो मुलगा मात्र कोणाच्या स्मरणात राहिला नाही. पुढे ज्याच्यासाठी दयेचा अर्ज झाला, तो प्रौढ नट सर्वांना ठाऊक आहे. वैराचा शेवट कशात होतो हे सांगणाऱ्या चित्रपटात कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलेला मुलगा विस्मृतीतच गेला.

12 मार्च 1993 रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोट मालिकेत 257 माणसे मृत्युमुखी पडली. त्या खटल्यात संजय दत्त यांच्यावर स्फोटांच्या कटाचा आरोप सिद्ध झाला नाही. बेकायदा शस्त्र बाळगल्याचा गुन्हा मात्र सिद्ध झाला. 2007 साली विशेष न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा दिली. 21 मार्च 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली. भारतीय वृत्तपत्र परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष व सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश मार्कंडेय काटजू यांनी लगेच राज्यपालांकडे क्षमेची मागणी केली. घटनेच्या 161व्या कलमाने राज्यपालांना हा अधिकार दिलेला आहे. हा अधिकार राजाच्या मर्जीसारखा नाही. राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच तो वापरावयाचा असतो, हे मारू राम खटल्यात 1980 साली ठरले. जात, धर्म किंवा राजकीय सोय पाहून क्षमा दिली, तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकते, हे 2006 साली एपुरू सुधाकर खटल्याच्या निकालाने स्पष्ट केले.

काटजूंनी आधार घेतला तो नानावटी प्रकरणाचा. नौदल अधिकारी कावस नानावटी यांना प्रेम आहुजा यांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली होती. 1964 साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना क्षमा केली. व्यापारी घरांनी या प्रकरणाची दुसरी बाजू अवश्य लक्षात ठेवावी. त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही क्षमा मिळाली. गांधीधाम वसवणारा हा गृहस्थ आयात परवान्याच्या गैरवापराच्या आरोपात अडकला होता. एकीकडे पारशी अधिकारी, दुसरीकडे सिंधी व्यापारी; तराजूची दोन्ही पारडी समान ठेवली गेली, असे त्या काळी बोलले जाई. परंतु या सौद्याला न शोभणारी एक गोष्ट त्यात होती आणि तीच सर्वांत मोलाची. मृत प्रेम आहुजा यांच्या भगिनी मेमी आहुजा यांनी आपली हरकत नसल्याचे लेखी दिले, असे सांगतात. ज्याचे देणे असते तो सूट देतो, तेव्हा ती खरी सूट. सावकार नसलेल्याने कर्ज माफ केले म्हणून खाते मिटत नाही.

दत्त यांच्या प्रकरणी ही लेखी संमती कोणाकडून घ्यायची? स्फोटांत गेलेल्यांच्या नातलगांचे देणे त्यांच्यावर न्यायालयाने लावले नव्हते. आणि शस्त्र बाळगल्याने नेमके कोणाचे नुकसान झाले, हे वहीत दाखवता येत नाही. समाजाचे झाले, असे म्हणावे तर समाजाच्या वतीने सही कोण करणार? सरकारने शेवटी ती केली नाही.

जैन दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट 28 मार्च 2013 रोजी घडली. दत्त यांनी पत्रकारांसमोर सांगितले की आपण क्षमेसाठी अर्ज करणार नाही, क्षमेस पात्र असे इतर पुष्कळ लोक आहेत, आपण शरण जाऊ. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. 'तत्त्वार्थसूत्रा'त प्रायश्चित्ताचे नऊ भेद दिले आहेत. त्यात पहिले स्थान आलोचनेला आहे, दुसरे प्रतिक्रमणाला. आपला दोष आपण होऊन गुरूपुढे सांगणे, मग त्यापासून मागे फिरणे. दोन्ही ठिकाणी कर्ता स्वतः दोषी असतो; त्याच्यासाठी दुसऱ्याने केलेल्या आलोचनेची तरतूद नाही. निरवांगी, वालचंदनगर, बारामती या पट्ट्यातील जैन दुकानदार क्षमावाणीच्या दिवशी गिऱ्हाइकापुढे हात जोडतो, तेव्हा तो स्वतः हात जोडतो. मुनिमाला पाठवत नाही. अर्थात हात जोडल्याने उधारी फिटत नाही, हे दोघांनाही कळते.

16 मे 2013 रोजी ते न्यायालयाला शरण गेले आणि नंतर येरवड्याला आले. तेथे त्यांनी कागदी पिशव्या तयार केल्या. नायक म्हणून कोट्यवधींचे मानधन घेणारा माणूस खळ लावून पिशव्या चिकटवतो, हे पाहून काहींना समाधान वाटले, काहींना दया आली. या दोन्ही भावना न्यायाच्या कामाच्या नाहीत. सप्टेंबर 2015 मध्ये, पर्युषण व दशलक्षणाच्या भाद्रपदात, राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी क्षमेचा अर्ज फेटाळल्याचे वृत्त आले.

त्याच वर्षाच्या 24 डिसेंबरला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी रॉबर्ट डाऊनी या नटाला क्षमा दिली. डाऊनी वडिलांच्या 'पाउंड' या 1970 सालच्या चित्रपटात पाच वर्षांचे असताना दिसले होते. तो चित्रपटही आज विस्मृतीतच आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत त्यांनी तुरुंगवास भोगला होता. शिक्षा भोगून अनेक वर्षे सरळ आयुष्य काढल्यावर न्यायालयाने त्यांना पुनर्वसनाचे प्रमाणपत्र दिले आणि मगच क्षमा झाली. गुन्ह्याची नोंद त्याने पुसली गेली नाही. गमावलेले काही नागरी हक्क परत मिळाले. 'तत्त्वार्थसूत्रा'तील त्या नऊ भेदांत शेवटचे नाव उपस्थापनेचे आहे. व्रतभंग झालेल्याला पुन्हा व्रतात स्थापन करणे, असा त्याचा अर्थ. कॅलिफोर्नियाच्या त्या कागदाचा आशय याच्या जवळपास जातो. आपल्याकडील दयेच्या अर्जाची मागणी मात्र बहुधा शिक्षा टाळण्यासाठी असते, भोगून झाल्यावर नव्हे. तेव्हा कोणी अर्ज करत नाही, आणि नोकरी, परवाना, सोयरीक या ठिकाणी जुना शिक्का आडवा येत राहतो.

25 फेब्रुवारी 2016 रोजी चांगल्या वर्तनाची सूट मिळून दत्त येरवड्यातून बाहेर पडले. दरवाजाबाहेर त्यांनी जमिनीला हात लावला आणि तुरुंगावरील झेंड्याला वंदन केले. यात क्षमेचा भाग नव्हता. हिशेब पुरा झाला होता.

याच खटल्यात सत्तरीची एक वृद्धा दोषी ठरली होती. तिच्या घरी शस्त्रे ठेवली गेली, हा तिचा गुन्हा. काटजूंनी तिच्यासाठीही क्षमा मागितली. वर्तमानपत्रांत तिला दोन-चार ओळी मिळाल्या. तिच्यासाठी चित्रपटसृष्टीतून कोणी बोलायला येणार नव्हते. अशा अप्रसिद्ध कैद्यासाठी अर्ज कोणी करावा, असा प्रश्न पडतो. कायदा सांगतो की तो कैदी स्वतः करू शकतो आणि त्याच्या वतीने दुसराही. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कैदेतील व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न घालता. इंदापूर आणि बारामती या दोन्ही ठिकाणी तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते. निरवांगीच्या शेतकऱ्याला वा कामगाराला हा रस्ता माहीत नसतो, आणि व्यापारी घराला माहीत असूनही ते सहसा कोणाला दाखवत नाही.