जपानी युद्धकलांतील तंत्रसाम्य आणि बोधिधर्माची आख्यायिका

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात जपानी शब्द आता परके राहिलेले नाहीत. कारखान्यात वडिलांच्या तोंडी 'कायझेन' असते, तर सायंकाळी मुलांच्या तोंडी 'काता' आणि 'दोजो'. वस्त्यांतील समाजमंदिरांत, शाळांच्या पटांगणांत आणि काही विहारांच्या सभागृहांतही कराटेचे वर्ग भरतात. एका वस्तीत शोतोकान, पलीकडच्या वस्तीत शितो-र्यू. आणि आपलीच शैली अस्सल, असे दोन्हीकडील मुले सांगतात. त्याच्या जोडीला आणखी एक विधान हमखास ऐकू येते : ही कला बोधिधर्म या भारतीय भिक्खूने चीनमध्ये नेली, म्हणून ती मुळात बौद्धांचीच. कालामांना तथागतांनी केलेला उपदेश ज्यांनी स्वीकारला, त्यांनी ही दोन्ही विधाने तपासल्याशिवाय मुलांपर्यंत जाऊ देऊ नयेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम तंत्रांकडे पाहू. ज्यूदोत प्रतिस्पर्ध्याला पाडण्यापूर्वी त्याचा तोल मोडावा लागतो. या क्रियेस 'कुझुशी' म्हणतात. त्याची बाही धरून ओढणाऱ्या हाताला ज्यूदोत 'हिकिते' असे नाव आहे. आता कराटेचा ठोसा पाहा. एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा हात झटक्याने कमरेशी येतो, आणि त्यालाही 'हिकिते'च म्हणतात. नवशिक्या मुलाला ही केवळ कवायत वाटते. परंतु त्या मागे येणाऱ्या मुठीत शत्रूचे मनगट आहे अशी कल्पना केली, की ज्यूदोचीच ओढ कराटेत दिसू लागते. हाताच्या कडेने केलेल्या आघाताला कराटेत 'शुतो' म्हणतात आणि आयकिदोत हाताच्या त्याच भागाला 'तेगाताना'. उच्चार भिन्न आहेत, पण लिपीतील चिन्हे तीच दोन, हात आणि तलवार. आयकिदोतील 'शिहोनागे' या फेकीत प्रतिस्पर्ध्याचा हात उंच नेऊन, त्याखालून वळून, तलवारीचा वार करावा तसा खाली आणतात. शस्त्र गेले, पण त्याची चाल शरीरात राहिली.

हे साम्य कोठून आले? एक कारण मानवी शरीर. कोपर, मनगट आणि गुडघा सर्वांचे एकाच मर्यादेत वळतात, आणि दोन पायांवर उभ्या असलेल्या माणसाचा तोल सर्वत्र त्याच दिशांना जातो. आपल्या लाल मातीतील धोबीपछाड आणि ज्यूदोतील 'सेओइ-नागे' शेजारी ठेवून पाहा : हात धरून, पाठ वळवून, खांद्यावरून आपटणे दोहोंत आहे. यासाठी कोणी कोणाचे शिष्यत्व पत्करण्याची गरज नव्हती.

दुसरे कारण माणसांची ये-जा. जिगोरो कानो यांनी 'तेंजिन शिन्यो-र्यू' आणि 'कितो-र्यू' या जुजुत्सूच्या जुन्या परंपरा शिकून १८८२ साली कोदोकान स्थापिले. गिचिन फुनाकोशी १९२२ साली ओकिनावाहून तोकियोस आले, तेव्हा त्यांनी कोदोकानमध्ये प्रात्यक्षिक केले. पुढे ज्यूदोचा गणवेश आणि 'दान' श्रेणी कराटेने उचलल्या. आज मुले ज्या पट्ट्यासाठी परीक्षा देतात, तो मूळचा ज्यूदोचा. फुनाकोशींचे शिष्य हिरोनोरी ओत्सुका आधीच जुजुत्सूत पारंगत होते. त्यांच्या 'वादो-र्यू'त ठोशासमोर अडून राहण्याऐवजी अंग वळवून बाजूला सरकण्यावर भर दिसतो, तो तेथूनच. मोरिहेई उएशिबा यांची कला १९३० साली पाहून कानोंनी मिनोरू मोचिझुकी यांच्यासारखे शिष्य त्यांच्याकडे शिकण्यास धाडले. दोघांचेही शिष्य असलेले केन्जी तोमिकी यांच्या सहभागाने कोदोकानने १९५६ साली जो स्वसंरक्षणाचा काता तयार केला, त्यात आयकिदोच्या धर्तीची मनगट पिळण्याची तंत्रे आहेत. शैलीच्या शुद्धतेचा अभिमान धरणाऱ्यांनी या संस्थापकांकडे पाहावे. त्यांपैकी एकही 'शुद्ध' नव्हता. जातीच्या शुद्धतेचे पर्यवसान कशात होते हे ज्यांनी भोगले, त्यांच्या मुलांनी शैलीच्या सोवळ्याचे कौतुक करावे, हे आम्हांस खटकते.

साम्य म्हणजे एकरूपता मात्र नव्हे. कराटे हातभर अंतरावरून लढते, ज्यूदो अंगाला अंग भिडवून. अंतर बदलले की तेच तंत्र निराळ्या प्रसंगी, निराळ्या वेगाने वापरावे लागते.

आता बोधिधर्म. सहाव्या शतकातील चिनी नोंदीत त्यांचा उल्लेख येतो, पण युद्धकलेचा नाही. शाओलिनमध्ये त्यांनी व्यायाम शिकविल्याची कथा ज्या ग्रंथाच्या आधारे सांगतात, तो सतराव्या शतकातील आहे. म्हणजे मध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर. कराटेचा इतिहासास ज्ञात असलेला मार्ग दक्षिण चीनमधील फुजियान, ओकिनावा आणि तोकियो असा आहे. जुजुत्सू जपानमधील योद्ध्यांच्या परंपरांत वाढले. एका भिक्खूपासून सर्व शाखा फुटल्या असे मानले, तर वर सांगितलेली खरी देवाणघेवाणच झाकली जाते. बौद्ध संबंध हवाच असेल तर एक साधा, पण खरा संबंध आहे. कानोंचा पहिला वर्ग तोकियोतील एइशो-जी या बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत भरला. तो धर्मोपदेश नव्हता, जागेची सोय होती. आपल्या विहारांतही आज हेच घडते आहे.

पंचशील घेतलेल्या घरातील मुलाने प्रहार शिकावा काय, असे काही उपासक विचारतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता यांत भेद केला आहे. अहिंसा हा त्यांच्या मते आंधळा नियम नव्हे. स्वसंरक्षण शिकणारी मुलगी शीलभंग करीत नाही. स्पर्धेतील पदकाच्या हव्यासाने जोडीदाराला जखमी करणारा मात्र विचार करण्यास पात्र आहे.

तंत्रसाम्य ओळखले तर वर्गांचा प्रत्यक्ष लाभ होईल. मूल वस्ती बदलते, शैली बदलते. पण तोल, अंतर आणि अंग वळविणे ही त्याची कमाई वाया जात नाही. शिक्षकाने त्याला पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून प्रारंभ करावयास लावण्यापूर्वी, त्याला काय येते ते पाहावे. पडण्याची कला, 'उकेमी', ज्यूदो आणि आयकिदोत प्रथम शिकवितात. कराटेच्या अनेक वर्गांत ती शिकविली जात नाही, आणि विहारातील जमीन बहुधा शहाबादी फरशीची असते. तेथे गादीशिवाय फेकीचा सराव करू नये. गाद्यांची सोय होईपर्यंत उभ्यानेच, दोघांनी मनगट धरून, तोल मोडण्याइतकाच सराव करावा आणि तोल गेला की जोडीदाराला सावरून धरावे.