उधारीचें कार्डच बरें

उधारी वाईट, असें मी वर्गांत जन्मभर शिकविलें; आज मात्र अमेरिकेंत राहणाऱ्या माझ्या मुलीला खरेदीसाठीं क्रेडिट कार्डच वापर, असें बजावतों. गेल्या वर्षीं दुकानांत तिचें डेबिट कार्ड चोरीस गेलें. लाजेनें ती आठवडाभर गप्प बसली आणि ५०० डॉलरांना मुकली.

क्रेडिट कार्डावर चोर प्रथम बँकेचा पैसा उडवितो, डेबिट कार्डावर आपला. शिवाय तेथील १९७० च्या कायद्याप्रमाणें अशा चोरींत क्रेडिट कार्डधारकावर ५० डॉलरांहून अधिक भार पडत नाहीं. डेबिट कार्डाचा १९७८ चा कायदा कडक आहे: चोरी कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत बँकेस कळविल्यास ५०, उशीर केल्यास ५०० डॉलरपर्यंत, आणि हिशेबपत्रक निघाल्यावर ६० दिवस उलटूं दिले, तर पुढील चोरीस मर्यादाच नाहीं. हल्लीं तें पत्रक येतांच ती वाचते.