विवेकसिंधु आणि कन्फ्यूशियस

अंबाजोगाईस देवीच्या दर्शनास जाणारी मंडळी बहुधा मुकुंदराजांच्या समाधीपुढेंही मस्तक नमवून येतात. बीड जिल्ह्यांतील ह्या गांवाशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, त्या मुकुंदराजांनीं 'विवेकसिंधु' रचिला तो परंपरेप्रमाणें शके १११० मध्यें, म्हणजे इ. स. ११८८ त, ज्ञानेश्वरीच्या सुमारें शंभर वर्षें आधीं. ग्रंथाचा विषय वेदान्त. तथापि आपल्या घरांतील विद्यार्थ्यास हें नांव भेटतें तें बहुधा मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत, पहिल्या प्रकरणांत. तत्त्वज्ञानाच्या तासाला नव्हे. एवढें ध्यानांत ठेवून वाचकांनीं क्षणभर युरोपाकडे वळावें; कारण नेमकें हेंच गाऱ्हाणें चिनी तत्त्वज्ञानाचे अभ्यासक पाश्चात्त्य विद्यापीठांविषयीं करीत आले आहेत.

अठराव्या शतकाच्या आरंभीं परिस्थिति निराळी होती. जेझुइट पाद्र्यांनीं चिनी ग्रंथांचीं लॅटिन भाषांतरें युरोपांत पोंचविलीं होतीं. १७२१ सालीं जर्मनींतील हाले विद्यापीठांत ख्रिस्तियन वोल्फ ह्या तत्त्ववेत्त्यानें भर सभेंत प्रतिपादन केलें कीं, ईश्वरप्रणीत ग्रंथाचा आधार नसतांही मनुष्य केवळ बुद्धीच्या बळावर सदाचारी होऊं शकतो, ह्याचा दाखला कन्फ्यूशियसच्या चीनमध्यें सांपडतो. धर्मपंडित खवळले, आणि १७२३ त प्रशियाच्या राजानें त्याला ४८ तासांत राज्य सोडण्यास फर्माविलें. पुढें शंभर वर्षांनीं हेगेलनें मात्र कन्फ्यूशियसपाशीं व्यवहारनीतीपलीकडे कांहीं नाहीं, असा निकाल दिला. १८७६ त ऑक्सफर्ड येथें चिनी भाषेचें पहिलें अध्यापकपद जेम्स लेग ह्यांस मिळालें, व त्यांचीं भाषांतरें मॅक्स मुल्लर ह्यांच्या प्राच्य धर्मग्रंथमालेंत निघालीं. अशा रीतीनें चिनी विचार शिरला तो भाषेच्या व धर्माच्या दालनांत. तत्त्वज्ञानाच्या दालनाचें दार त्यास फारसें उघडलें नाहीं. २०१६ सालीं गारफील्ड व व्हॅन नॉर्डन ह्या दोन अमेरिकन प्राध्यापकांनीं न्यूयॉर्क टाइम्समध्यें स्पष्टच लिहिलें कीं, इतरांचे विचार शिकवावयाचे नसतील, तर तत्त्वज्ञानाच्या विभागांनीं आपणांस 'युरोप-अमेरिकेचें तत्त्वज्ञान' एवढेंच म्हणवून घ्यावें.

ह्यावर कांहींचें उत्तर असें कीं, चिन्यांपाशीं सुभाषितें आहेत, युक्तिवाद नाहीं. पण मेन्शियस काय म्हणतो तें पाहावें. विहिरींत पडूं पाहणारें मूल दिसतांच कोणाच्याही काळजांत चर्र होतें. तें लौकिकासाठीं नव्हे, मुलाच्या आईबापांची मर्जी संपादण्यासाठींही नव्हे. तेव्हां करुणेचा अंकुर मनुष्यांत उपजतच असला पाहिजे. श्युन्-त्से त्याचें खंडन करितो: उपजत असते ती लालसा, चांगुलपणा हें वळणाचें व अभ्यासाचें फळ. मुलें वाढविणाऱ्या कोणत्या घरांत हा वाद झालेला नाहीं?

चिनी ग्रंथांची वाट आपल्याकडील विद्वानांनीं चोखाळली नाहीं असेंही नाहीं. 'विमुत्तिमग्ग' ह्या बौद्ध ग्रंथाची मूळ प्रत नष्ट झाली, परंतु सहाव्या शतकांतील चिनी भाषांतरांत तो उरला. हार्वर्डला अध्ययन केलेले पुण्याचे प्रा. पु. वि. बापट ह्यांनीं त्याची 'विसुद्धिमग्गा'शीं तुलना करून १९३७ त प्रबंध प्रसिद्ध केला. आपलें हरवलेलें धन शेजाऱ्याच्या घरीं जपून ठेविलेलें सांपडलें तें असें!

आतां पश्चिमेस नांवें ठेवण्यापूर्वीं आपलें माप तपासावें. विवेकसिंधूस आपण वंदन केलें, आद्यत्वाचा मान दिला. परंतु त्याच्याशीं कधीं वाद घातला काय? ज्या ग्रंथास कोणी प्रश्न विचारीत नाहीं, तो पूज्य होतो. पण तत्त्वज्ञान म्हणून तो वाचला जात नाहीं. दिवेलागणीनंतर घरांतील मंडळी एकत्र बसतात, तेव्हां त्याचें एक प्रकरण उघडावें. आजोबांनीं अर्थ सांगावा, कॉलेजांत जाणाऱ्या नातीनें शंका काढावी, आणि समाधान होईतों पान उलटूं नये. ऑक्सफर्डनें कन्फ्यूशियसला कोठें बसवावें हें ऑक्सफर्ड ठरवील. मुकुंदराजांना कोठें बसवावयाचें, हें मात्र आपल्याच हातीं आहे.