शेणाच्या ओटीवरून फरशीच्या हॉलमध्ये

भिवंडीजवळच्या राहनाळमध्ये भाताची खाचरं मागे सरली आणि गोदामं पुढे आली, त्याच काळात इथल्या घरांमधला गाण्याचा आवाजही बदलला. गोदामांची हकीकत सर्वांना माहीत आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशी असलेली ही जागा. माल इथे उतरवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात संपली, तरी राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे या पट्ट्यातली गोदामं वाढतच राहिली. घरातल्या आवाजाची हकीकत मात्र कुणी सांगत नाही. या चाळीस-पन्नास वर्षांत स्पीकर सुधारत गेले, खोल्या बिघडत गेल्या, आणि पैसा आपण प्रत्येक वेळी स्पीकरवरच घातला.

सत्तरच्या दशकापर्यंत घरातला स्पीकर म्हणजे रेडिओ. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता. लाकडी पेटी, आत एकच स्पीकर, मागे भोकं पाडलेला पुठ्ठा. मागून अशा मोकळ्या असलेल्या पेटीत स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज खालच्या सुरांत एकमेकांना खाऊन टाकतो, म्हणून खर्ज कमीच. तरीही त्या रेडिओवरचं गाणं गोड लागायचं असं जुनी माणसं सांगतात, आणि ते केवळ आठवणींचं कौतुक नाही. ती खोली आठवून पाहा. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, वर कौलं, कोपऱ्यात भाताचा कणगा, फळीवर गोधड्यांची चळत. कुडाची हलकी भिंत खर्जाबरोबर थोडी हलते आणि त्याची ताकद शोषून घेते. उरलेला खर्ज कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. कणगा आणि गोधड्या मधले आणि वरचे सूर गिळतात. आज स्टुडिओवाले मोठा खर्च करून जे बसवतात, त्यातलं बरंचसं आगरी घराच्या ओटीवर आपोआप व्हायचं.

याचं शास्त्र तेव्हाही नवं नव्हतं. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला नीट कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. सँडर्स थिएटरच्या बाकांवरच्या गाद्या रात्री वाहून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळपूर्वी गाद्या परत न्यायच्या, असे प्रयोग त्याने केले. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीचं घनफळ जास्त तर घुमणं जास्त, शोषणारा पृष्ठभाग जास्त तर घुमणं कमी.

मग 18 जानेवारी 1982 ला मुंबईतला गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्यांचं विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे मोठ्या प्रमाणावर वळलं. त्यामागून गोदामांचा पैसा आला. कुडाची घरं पडली, स्लॅबची उभी राहिली आणि खोलीचं माप ठरून गेलं: दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट.

आवाजासाठी याहून वाईट माप शोधणं कठीण. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लांबी नेमकी बसते, तो सूर खोलीत फुगतो. दहा फुटांसाठी तो साधारण 57 हर्ट्झवर येतो. लांबीचा 57, रुंदीचाही 57 आणि उंचीचा 60. तिन्ही एकाच जागी एकमेकांवर चढतात. त्यांचे दुप्पट सूरही तसेच एकत्र येतात, थेट डग्ग्याच्या आणि पखवाजाच्या मुलखात. म्हणून भीमसेन जोशींच्या अभंगात एखादा ठोका ढोलासारखा सुजतो आणि पुढचा गायब होतो. वर भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली गुळगुळीत फरशी. अशी रिकामी खोली सरासरी पाच टक्के आवाज शोषते असं धरलं, तर सॅबिनच्या सूत्राने आवाज विरायला 1.6 सेकंद लागतात. शोषण पंचवीस टक्क्यांवर नेलं तर हाच वेळ 0.32 सेकंदावर येतो, आणि गायकाचे शब्द सुटे ऐकू येतात.

याच वर्षांत टू-इन-वन, डेक, 1991 नंतर परदेशी कंपन्यांचे मिनी सिस्टीम आणि पुढे पाच स्पीकरांचं होम थिएटर अशी रीघ लागली. ते सगळं गेलं शोकेसमध्ये. काचेची दारं, आत बाहुल्या आणि ट्रॉफ्या, शेजारी लोखंडी कपाट. स्पीकर वाजला की काच वाजते, फळी वाजते, कपाटाचं हँडल वाजतं, आणि आपल्याला वाटतं स्पीकरच फाटला. पाचही स्पीकर एकाच शोकेसच्या एकाच फळीवर ओळीने मांडलेलीही घरं मी पाहिली आहेत. स्पीकर तिथून काढून भक्कम स्टँडवर, बारीक सुरांचा वरचा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असा ठेवला, तर एक रुपयाचं नवं यंत्र न घेता निम्मा गोंगाट जातो. ओट्याचा उरलेला कडप्पा आणि त्याखाली रबराचे तुकडे, एवढ्यावरही फळीचं वाजणं बरंच थांबतं.

रबराची मर्यादा मात्र भिवंडीइतकी दुसरीकडे क्वचितच कळत असेल. साधा यंत्रमाग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा ठोका मारतो, म्हणजे सेकंदाला दोन-अडीच. त्याची फणी पुढेमागे झेपावते, म्हणून मागाच्या वरच्या मजल्यावरचं घर आडवं हलतं. तिथे रेकॉर्ड लावली की सुई थरथरते. रबराचा स्वतःचा डोल सेकंदाला दहा-पंधरा वेळांचा, आणि कुठलीही गादी आपल्या डोलाच्या साधारण दीडपटीहून जलद हादरेच अडवते. मागाचा संथ हादरा तिच्यातून जसाच्या तसा पार होतो, आणि डोलाच्या जवळपासचा हादरा तर ती वाढवते. इथे उपयोगी पडतो झोपाळा. मीटरभर दोरीवर टांगलेल्या फळीला एक झोका पुरा करायला दोन सेकंद लागतात. त्यामुळे सेकंदाला अडीच वेळांच्या आडव्या हादऱ्याचा पंचविसावा भाग, किंवा त्याच्या आसपास, वर पोचतो. रेकॉर्ड प्लेअर तुळईला टांगलेल्या फळीवर ठेवणं हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर उपाय वाटतो. ज्या घरात झोपाळ्याच्या कड्या आहेत, तिथे तो लगेच करता येतो.

जागेचा प्रश्न छोट्या खोलीत नाजूक. स्पीकर मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे घ्या असं सांगतात, पण तीन फुटांवर भिंतीवरून परतलेला आवाज 95 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाज पुसून टाकतो, आणि खोलीतली वावरायची जागाही जाते. दहा फुटी खोलीत स्पीकर भिंतीजवळ ठेवून मागे जाड शोषक लावावा, हे मला जास्त पटतं. कोपरा टाळावा, तिथे खर्ज फुगतो. बसण्याची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर नको, कारण तिथे तो 57 हर्ट्झचा सूर ऐकूच येत नाही. भिंतीला टेकूनही नको, तिथे तोच सर्वांत मोठा. मागच्या भिंतीपासून पावणेचार फूट ही सुरुवातीची बरी जागा.

भिंतींच्या बाबतीत राहनाळकरांनी गोदामातला माल वापरून पाहिला, यात नवल नाही. पॅकिंगचा पांढरा फोम फुकट मिळतो, अंड्यांचे ट्रेही मिळतात. दोन्ही कुचकामी. फोमला तोंड लावून फुंकर मारावी. हवा आरपार गेली नाही, तर त्यात आवाजही मुरत नाही. खरा माल इथेच विणला जातो: जाड सुती कापड, भिंतीपासून चार बोटं सोडून टांगलेलं. मागे दोन इंची रॉकवूल असेल तर आणखी चांगलं. आरसा भिंतीवर सरकवत न्यायचा. बसल्या जागेवरून ज्या ठिकाणी त्यात स्पीकर दिसेल, तिथे हे लावायचं. सुताचा टाकाऊ कापूसही आवाज छान शोषतो, पण या तालुक्यातल्या गोदामांच्या आगी पाहिल्यावर तो मी कुणालाही सुचवणार नाही. रॉकवूल दगडापासून बनतं, ते पेटत नाही.

खर्जाला यातलं काही पुरत नाही. 57 हर्ट्झच्या लांबीचा चौथा भाग पाच फूट भरतो, दोन इंचांचं आवरण त्याच्या खिजगणतीतही नाही. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत जाड भरणी केली, तर थोडा फरक पडतो. आता मोबाइलवर मोजमाप करून बटणांनी खर्ज आवरता येतो, पण त्यानेही फुगवटाच छाटला जातो. जिथे सूर खोलीनेच खाल्ला आहे, तिथे कितीही वाढवला तरी तो परत येत नाही.

अंजूरफाटा, पूर्णा, काल्हेरवरून ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची मार्गिका आखली आहे, आणि तिच्या कडेने नव्या इमारतींचे नकाशे निघत आहेत. घर बांधणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की हॉल दहा बाय दहाचा चौरस काढू नका, दहा बाय तेरा काढा. लांबीचा सूर मग 44 हर्ट्झवर उतरतो, रुंदी आणि उंचीच्या सुरांपासून वेगळा होतो, आणि भिंत अजून कागदावर असल्याने ती तीन फूट सरकवायला पेन्सिल पुरते.