शनिवारी कान्हेरी, रविवारी ‘फकिरा’

उपनगरात राहणाऱ्यांकडे पाहुणे आले की सगळी वरात गेटवेला निघते. या शनिवार-रविवारी चर्चगेटची गाडी सोडून द्या. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर एवढ्याच टापूत दिवसा भटका आणि रात्री कादंबरीवर बेतलेला सिनेमा लावा. मराठीतले आणि हिंदीतले असे कितीतरी सिनेमे, आणि त्यांच्या मागच्या काही कादंबऱ्याही, याच लोकल स्थानकांच्या आसपास जन्मल्या आहेत.

सुरुवात बोरिवलीहून, तीही भल्या सकाळी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी शंभराहून जास्त आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळपास हजार वर्षं इथे छिन्नी चालली आणि वस्ती राहिली. बहुतेक लोक ३ क्रमांकाच्या चैत्यगृहात फोटो काढून मागे फिरतात. तसं करू नका, वर चढा. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपापली नावं दगडावर कोरून ठेवली आहेत! आज कोणी असं केलं तर तो गुन्हा ठरतो आणि तो ठरायलाच हवा. पण हजार वर्षांपूर्वीच्या पर्यटकांची ही हजेरी वाचताना अंगावर काटा येतो.

पायाखालीही लक्ष असू द्या. डोंगरावरचं पावसाचं पाणी दगडात कोरलेल्या चरांमधून लेण्यांशेजारच्या टाक्यांत उतरतं. भिक्षूंनी पाण्यासाठी हेरलेला हाच डोंगर पुढे इंग्रजांनीही हेरला: विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. सोमवारी उद्यान बंद असतं, तेव्हा सुट्टी जोडून जाणाऱ्यांनी तारीख बघून घ्यावी.

या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. ते पाहून आलात की रात्रीसाठी ‘जैत रे जैत’ (१९७७) ठरलाच म्हणून समजा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, डोंगरात राहणारी ठाकर जमात, मधमाश्यांच्या राणीशी वैर धरलेला नाग्या आणि त्याच्यामागे जीव टाकणारी चिंधी. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत इतकं त्या डोंगराचं आहे की कादंबरीच मुळात गाण्यांसकट लिहिली असावी असं वाटत राहतं.

दुपारी मंडपेश्वर. बोरिवली पश्चिमेला वस्तीच्या अगदी मध्ये असलेलं हे शैव लेणं. आत नटराज आणि शिवपार्वतीचा विवाह, दर्शनी भागात दगडात कोरलेला भलामोठा क्रूस, डोक्यावर पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष. एकाच खडकावर इतका इतिहास मुंबईत दुसरीकडे क्वचितच सापडेल. पाय अजून चालत असतील तर होडीने पलीकडे जाऊन गोराईचा पॅगोडा बघा. २००९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि एकही खांब नसलेल्या त्याच्या घुमटाखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात.

आता गाडीने दक्षिणेकडे. मालाड आलं की मान पश्चिमेला वळवा, कारण हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये उभारलेलं बॉम्बे टॉकीज त्या बाजूला होतं. इथेच बनला ‘जिद्दी’ (१९४८), इस्मत चुगताईंच्या कादंबरीवरचा. देव आनंद त्यातून नायक म्हणून वर आला आणि किशोरकुमारने पहिलं एकट्याचं गाणं त्यातच गायलं. एका उर्दू कादंबरीने मालाडमध्ये दोन तारे एकदम चमकवले. आज त्या जागेवर कारखान्यांचे गाळे आहेत. तिथे साधी का होईना, एक पाटी दिमाखात लागायला हवी.

मग गोरेगाव. दादासाहेब फाळके चित्रनगरीत संजय लीला भन्साळींनी कृत्रिम तळं करून त्याच्या काठावर चंद्रमुखीचा कोठा उभा केला तो ‘देवदास’साठी (२००२). शरच्चंद्रांची मूळ कादंबरी १९१७ ची, अगदी लहानशी, आणि त्या भव्य महालांशी तिचं फारसं नातं नाही. माझं मत विचाराल तर आधी १९५५ चा ‘देवदास’ बघा. तो करणारे बिमल रॉय तरुणपणी कलकत्त्यात प्रमथेश बरुआंच्या ‘देवदास’चे छायालेखक होते. ज्या कथेवर कॅमेरा धरला, तीच वीस वर्षांनी दिलीपकुमारला घेऊन स्वतः सांगितली! त्यांचा मुंबईतला मुक्काम अंधेरीच्या मोहन स्टुडिओत होता. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहल उभा राहिला तोही याच स्टुडिओत. बिमलदांचा ‘बंदिनी’ (१९६३) ‘तामसी’ या बंगाली कादंबरीवरून आला. तिचे लेखक ‘जरासंध’ स्वतः तुरुंगाचे अधिकारी होते. म्हणून त्यातल्या भिंती, किल्ल्या आणि कैदिणींचं गाणं इतकं खरं वाटतं.

अंधेरीला उतरलातच तर गिल्बर्ट हिल चुकवू नका. साधारण २०० फूट उंचीचा बेसॉल्टचा हा सुळका सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर संपले त्या काळातला आहे. खांबासारखे उभे दगड, माथ्यावर गावदेवीचं देऊळ, वर जायला खडकातच कोरलेल्या पायऱ्या आणि चारी बाजूंनी घुसत चाललेल्या इमारती. शहराने याला आणखी थोडी मोकळी हवा द्यावी असं मनापासून वाटतं.

रविवार पूर्वेचा. मुलुंडला आरामात जा. पाच रस्त्यावर न्याहारी करा, कालिदास नाट्यमंदिरात दुपारचा प्रयोग असेल तर तिकीट काढा. नाटक बघून कलावंतांविषयी मन भरून आलं तर घरी ‘नटरंग’ (२०१०) आहेच: आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधवांचा पहिला सिनेमा, पैलवानाचा नाच्या होताना स्वतःचं शरीरच बदलून टाकणारा अतुल कुलकर्णी. राजकारणाची आवड असलेल्यांनी ‘सिंहासन’ (१९७९) घ्यावा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा विणली आहे आणि निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस अजूनही शिळा झालेला नाही. घरात शाळकरी मुलं असतील तर सुजय डहाकेंचे दोन सिनेमे: मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा ‘शाळा’ (२०१२) आणि चक्क कृष्णधवल रंगात केलेला ‘श्यामची आई’ (२०२३). ‘श्यामची आई’ या पुस्तकावरच्याच अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाने राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं होतं.

आणि संध्याकाळी घाटकोपर. अंधेरीहून येणार असाल तर मेट्रो आहेच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मार्गाने हा प्रवास मिनिटांवर आणला. पूर्वेच्या खाऊगल्लीत जिनी डोसा खा, आणि मग पश्चिमेला चिरागनगरकडे वळा. इथल्या झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे वर्षानुवर्षं राहिले. वाटेगावहून १९३१ मध्ये पायी मुंबईला आलेला, शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेला हा माणूस. त्यांच्या कादंबऱ्यांवर ‘वैजयंता’ (१९६१), ‘फकिरा’ (१९६३), ‘वारणेचा वाघ’ (१९७०) असे सिनेमे ओळीने आले. ज्याच्या कथा पडद्यावर हाऊसफुल्लच्या आशेने लागत होत्या, तो लेखक एका खोलीत, पत्र्याखाली, कंदिलाच्या काळातल्या गरिबीत लिहीत होता. ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. शेवटही उपनगरातच झाला. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात ते गेले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. घाटकोपरच्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक असायला हवं.

‘फकिरा’ कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. दुष्काळात उपाशी माणसांसाठी इंग्रजांच्या राज्याला आव्हान देणाऱ्या फकिराची ही गोष्ट इतक्या वेगाने पळते की मधेच खाली ठेवता येत नाही. सिनेमाआधी पुस्तकच वाचा. पुस्तक आटोपशीर आहे. एखाद्या दुपारी जेवण झाल्यावर हातात घेतलं तर दिवेलागणीपर्यंत संपतं.