शेततळ्यातील माशांना घरचा चारा

यवतमाळ जिल्ह्यातील शेती मुख्यतः पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे. इसापूर, पूस, अरुणावती व बेंबळा यांसारखी धरणे जिल्ह्यात असली, तरी असंख्य शेतकऱ्यांच्या वाट्यास येते ते पावसाळ्यात शिवारातून वाहून जाणारे पाणीच. हे पाणी अडविण्यासाठी ठिकठिकाणी शेततळी खोदण्यात आली. २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर या कामास विशेष चालना मिळाली. कपाशीस किंवा तुरीस एखादे संरक्षित पाणी द्यावे, हा शेततळ्याचा मूळ हेतू. परंतु तेच पाणी सहा ते आठ महिने टिकत असेल, तर त्यात मासेही वाढविता येतात.

मात्र मत्स्यसंवर्धनात सर्वांत मोठा खर्च असतो तो खाद्याचा. बियाणे, खत व औषधे उधारीवर आणणाऱ्या शेतकऱ्याने माशांचे खाद्यही उधारीवर आणले, तर जोडधंद्यापासून लाभ होण्याऐवजी कर्जात भर पडण्याचाच संभव अधिक. म्हणून लहान शेततळ्यात मासे पाळणाऱ्याने प्रथम आपल्या गोठ्यातून, बांधावरून व कोठारातून काय उपलब्ध होऊ शकते याचा विचार करावा.

पाण्यातील नैसर्गिक अन्न

जमिनीस कस असेल तरच पीक जोमदार येते. पाण्याचेही तसेच आहे. पाण्यात डोळ्यांना सहसा न दिसणारे सूक्ष्म जीव असतात. त्यांस प्लवक म्हणतात. सूर्यप्रकाश व खतांश यांवर वनस्पतिप्लवक वाढते, त्यावर प्राणिप्लवक पोसते आणि या दोहोंवर मासे वाढतात. कटला हा मासा पाण्याच्या वरच्या थरातील प्राणिप्लवक खातो, रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ तळाशी कुजणाऱ्या पदार्थांवर जगतो. तिन्ही जाती एकत्र सोडल्याने तळ्याचा कोणताही थर वाया जात नाही. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी अंतःक्षेपणाद्वारे या जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून त्यांच्या बीजासाठी केवळ नद्यांवर विसंबून राहण्याचे कारण उरले नाही.

प्लवक वाढविण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शेण. सर्वसाधारणपणे दर गुंठा जलक्षेत्रास एका हंगामात १०० किलो ताजे शेण पुरेसे होते. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद शेततळे सुमारे ९ गुंठ्यांचे भरते. त्यास ९०० किलो शेण लागेल. पैकी १८० किलो मत्स्यबीज सोडण्यापूर्वी पंधरा दिवस द्यावे. उरलेले दर पंधरवड्यास ४५ किलो याप्रमाणे आठ महिन्यांत द्यावे. शेण पाण्यात कालवून काठाकाठाने शिंपडावे. ढीग टाकू नये. गोबर गॅस संयंत्रातील मळी मिळत असल्यास ती अधिक चांगली, कारण ती आधीच कुजलेली असल्याने पाण्यातील प्राणवायू कमी खर्च होतो. प्लास्टिक कागद अंथरलेल्या तळ्यात तळाची माती नसल्यामुळे पाण्यास कस येण्यास वेळ लागतो. तेथे मात्रा लहान व वारंवार द्यावी.

पाण्याची परीक्षा हातानेच करता येते. सकाळी सूर्य वर आल्यावर कोपरापर्यंत हात उभा बुडवावा. कोपर बुडण्याच्या सुमारास तळहात दिसेनासा झाला व पाणी हिरवट किंवा तपकिरी असले, तर अन्न पुरेसे आहे असे समजावे. कोपर बुडूनही तळहात स्वच्छ दिसत असेल, तर शेण द्यावे. त्याआधीच दिसेनासा होत असेल, तर थांबावे. येथे एक सावधगिरी हवी. काळ्या मातीचे पाणी पावसाळ्यात मातकट गढूळ असते. ते गढूळपण म्हणजे प्लवक नव्हे. अशा पाण्यात ऊन खोलवर पोहोचत नाही व प्लवकही वाढत नाही. म्हणून गाळ बसल्यावरच ही परीक्षा घ्यावी आणि गुरे तळ्यात उतरू देऊ नयेत.

बांधावरचा हिरवा चारा

हिरवा चारा खाऊन वाढणारा मासा म्हणजे गवत्या, अर्थात ग्रास कार्प. १९५९ मध्ये तो भारतात आणण्यात आला. तो गवत व पाणवनस्पती कुरतडून खातो. परंतु चाऱ्याचा बराच भाग अर्धवट पचलेल्या स्थितीत बाहेर टाकतो. ही विष्ठा पाण्यात खताचे काम करते व त्यायोगे इतर माशांचेही पोषण होते. एकूण बोटुकलीत दर दहामागे एक गवत्या असावा. चारा नियमित मिळणार असेल, तरच ही संख्या वाढवावी.

लसूणघास, संकरित नेपियर, रताळ्याचे वेल व कोबीची बाहेरची पाने यांचा चारा म्हणून उपयोग होतो. माशांचा आकार लहान असताना चारा बारीक कापून द्यावा. बांबूची चौकट पाण्यावर तरंगती बांधून तीत चारा टाकला, म्हणजे तो विखुरत नाही व किती खाल्ला हे दिसते. सायंकाळी उरलेला चारा काढून टाकावा.

अझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती प्रथिनयुक्त असून घराशेजारी उथळ खड्ड्यात वाढविता येते. खड्ड्यात प्लास्टिक अंथरून थोडी माती व शेणकाला घालावा आणि सुमारे चार बोटे पाणी ठेवावे. यवतमाळच्या उन्हाळ्यात ती उघड्यावर तग धरत नाही. तीस सावली द्यावी.

कोठारातील पूरक खाद्य

शेण व चारा यांच्या जोडीस थोडे पूरक खाद्य दिल्याने वाढ लवकर होते. भुईमुगाची पेंड व कोंडा समभाग घेऊन, पेंड रात्रभर भिजवून, त्यांचे गोळे करावेत. तुरीची चुनी व ज्वारीचा भरडाही त्यात चालतो. सोयाबीन कच्चे देऊ नये. त्यातील काही घटक प्रथिनांचे पचन रोखतात. ते भाजून किंवा शिजवून द्यावे. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते, म्हणून ती मिश्रणात अल्प प्रमाणातच वापरावी. मोहाची पेंड मात्र कदापि देऊ नये. तळ्यातील मरळीसारखे नको असलेले मासे मारण्यासाठी जी पेंड वापरतात, ती हीच. पेंड म्हणून सर्व पेंडी सारख्या मानणे घातक ठरते.

खाद्याचे प्रमाण माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के असावे. तळ्यात ४०० मासे असून प्रत्येकाचे सरासरी वजन १०० ग्रॅम असेल, तर एकूण वजन ४० किलो होते व दररोज सुमारे एक किलो खाद्य पुरते. छिद्रे पाडलेल्या पोत्यात खाद्य भरून ते बांबूस टांगावे. दोन तासांत पोते रिकामे झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे.

दोन धोके

पहिला धोका अतिरेकाचा. अधिक शेण म्हणजे अधिक मासे, असा हिशेब नाही. रात्री प्लवक व कुजणारे पदार्थ मिळून प्राणवायू खर्च करतात; आभाळ सलग झाकोळलेले असल्यास दिवसाही तो पुरेसा तयार होत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर शेण व खाद्य तत्काळ थांबवावे, काठीने पाणी झोडपावे व शक्य असल्यास पंपाने विहिरीचे ताजे पाणी उंचावरून सोडावे.

दुसरा धोका त्याहून मोठा आहे. २०१७ च्या खरिपात जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे कोणीही विसरलेले नाही. जे विष माणसास मारते, ते माशांना सोडत नाही. कपाशीवर वापरण्यात येणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे तर माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. म्हणून फवारणीचा पंप तळ्यात भरू अथवा धुऊ नये. वारा तळ्याच्या दिशेने असताना फवारणी करू नये. कपाशीच्या शेतातून वाहून येणारे पाणी चर खणून तळ्याबाहेर वळवावे. फवारलेल्या शेताच्या बांधावरील गवत हे घरचे असले, तरी तो चारा नव्हे; चाऱ्यासाठी तळ्याजवळ एक वाफा निराळा राखावा.

प्रारंभ कसा करावा

पहिल्या वर्षी दर गुंठ्यास ५० पेक्षा अधिक बोटुकली सोडू नये. पाण्याचा मुक्काम थोडा असल्याने बीज मोठ्या आकाराचे घ्यावे. पिकास पाणी देताना माशांसाठी चार-पाच फूट पाणी राखावे, आणि उन्हाळ्यात पातळी त्याखाली जाण्यापूर्वी मासे काढून विकावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास खाद्याची यादी देण्यापूर्वी त्याच्या गोठ्यात किती शेण निघते, बांधावर काय उगवते व शेजारच्या शेतात कोणते औषध फवारले जाते, याची चौकशी करावी. या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या तळ्यात मासे पोसण्यास विकतच्या खाद्याची फारशी गरज भासणार नाही.