'हात धुवा' म्हणणे सोपे आहे

दरवर्षी पहिल्या सत्रात नोटीस बोर्डावर राष्ट्रीय सेवा योजनेची नोटीस लागते. वर्षाला १२० तास समाजसेवा, इच्छुकांनी नावे द्यावीत. हॉस्टेलवर लगेच चर्चा सुरू होते, सर्टिफिकेट मिळतं का, अटेंडन्स मिळते का, टी-शर्ट कोणत्या रंगाचा. मग एका शनिवारी बस भरून आपण चाकणच्या बाजूच्या नाहीतर पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या शाळेत जातो. 'आरोग्य व सुजाण नागरिकत्व' या विषयावर भाषण होते, घोषणा होतात, केळी वाटली जातात, ग्रुप फोटो निघतो आणि बस परत.

मित्रांनो, गंमत अशी आहे की मुलांना सगळी उत्तरे आधीच पाठ असतात. "जेवणाआधी काय करावे?" असं विचारा, साठ मुलं एका सुरात ओरडतील, "हात स्वच्छ धुवावेत!" तिसरीतला मुलगासुद्धा साबणाची जाहिरात केल्यासारखं सांगतो. मग हात धुतले का जात नाहीत?

याचं उत्तर आपल्याच अभ्यासक्रमात आहे. समजा एका शाळेत २४० मुलं आहेत आणि चालू नळ ६. म्हणजे एका नळाला ४० मुलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे साबण लावून नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. आपण ४० च धरू. ४० मुलं गुणिले ४० सेकंद म्हणजे १६०० सेकंद, जवळजवळ २७ मिनिटे. मधली सुट्टी अर्ध्या तासाची! जेवायला उरली तीन मिनिटे. आता कोणता शहाणा मुलगा साबण लावत बसेल? तो बोटं पाण्याखाली धरतो आणि खिचडीच्या रांगेत पळतो. त्याला अक्कल नाही म्हणून नाही, आहे म्हणून! इथे भाषण देऊन काही होणार नाही. हा क्षमतेचा प्रश्न आहे. कारखान्यात असेंब्ली लाईनवर एखादं स्टेशन अडलं तर आपण कामगारांना 'वेगाचे महत्त्व' या विषयावर व्याख्यान देत नाही.

फिलिपाइन्समध्ये 'फिट फॉर स्कूल' नावाचा शालेय आरोग्याचा कार्यक्रम आहे. त्यात मुलं रोज गटाने एकत्र हात धुतात, एकत्र दात घासतात आणि वर्षातून दोनदा सगळ्यांना जंताची गोळी मिळते. गटाने हात धुण्यासाठी लागतो काय, तर भोकं पाडलेला एक लांब पाईप. एक व्हॉल्व्ह सोडला की सगळ्या भोकांतून धार. वीस भोकांचा पाईप असेल तर आपल्या २४० मुलांच्या १२ तुकड्या होतील आणि सगळं आठ मिनिटांत आटपेल. पाणी कमी पडेल असं वाटत असेल तर बर्नुली आठवा. टाकीतल्या पाण्याची पातळी दीड मीटर उंच, भोक ३ मिलिमीटरचं, डिस्चार्जचा सहगुणक ०.६, आणि घर्षण सोडून दिलं, तर एका भोकातून मिनिटाला साधारण १.४ लिटर पाणी येतं. हात धुवायला तेवढं भरपूर आहे. साधा नळ पूर्ण सोडला तर याच्या कितीतरी पट पाणी वाहून जातं.

हे इतकं सविस्तर लिहिलं कारण शाळांमधले आरोग्याचे बहुतेक प्रश्न याच जातीचे आहेत. माहिती पोचलेली असते, योजनाही असते. मधला एखादा दुवा निसटलेला असतो. आणि आपण शाळेत जातो ते तिथे काहीच नाही असं गृहीत धरून. खरं तर बरंच काही आहे.

उदाहरणार्थ लोहाच्या गोळ्या. पिंपरीची उद्योगनगरी म्हणून ओळख सुरू झाली ती १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून, म्हणजे औषधाच्या कारखान्यापासूनच. आज त्याच परिसरातल्या शाळांमध्ये आठवड्याला एक गोळी द्यायची योजना आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी, दहा ते एकोणीसच्या वयोगटाला निळी. २०१८ च्या 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमाप्रमाणे गुलाबीत ४५ मिलिग्रॅम लोह असतं, निळीत ६०. शिवाय दोन्हींत फॉलिक ॲसिड. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला होता. रक्तक्षय झालेलं मूल आजारी दिसतच नाही. ते पेंगतं, खेळात मागे राहतं, धाप लागते, लक्ष लागत नाही. मग प्रगतीपुस्तकावर शेरा मिळतो, 'आळशी आहे'.

गोळी मिळते, पण पोटात जातेच असं नाही. कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. पहिल्या आठवड्यात दोन मुलांना उलटी झाली की वर्गभर बातमी, आणि पुढच्या आठवड्यात गोळ्या खिडकीबाहेर. दुसरं कारण, लोह घेतल्यावर शौचाचा रंग काळा होतो. हे कोणी आधी सांगितलं नसेल तर घरचे घाबरतात आणि गोळी बंद करतात. त्यात भीतीचं काही नाही, न शोषलेलं लोह बाहेर पडतं इतकंच. गोळी जेवणानंतर घ्यावी आणि त्यावर लगेच चहा पिऊ नये, कारण चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. लिंबू किंवा आवळा मात्र मदत करतो. (लेडीज हॉस्टेलच्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. मेसमधून उठल्या उठल्या कॅन्टीनचा चहा घेणाऱ्या आपण सगळ्याच त्या पाहणीच्या वयाच्या आहोत किंवा आताच त्यातून बाहेर पडलोय.)

जंताची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळते. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त शोषतात, त्यामुळे जंत तसेच ठेवून नुसतं लोह देणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं. मी कॉन्व्हेंटची असल्यामुळे 'जंतनाशक' हा शब्द मला इथे येऊनच कळला. म्हणून मला असं वाटतं की चाकणच्या शाळेत बिहारहून नाहीतर उत्तर प्रदेशातून नुकतंच आलेलं मूल फळ्यावर 'जंतनाशक दिन' वाचून काय समजत असेल याचा विचार व्हायला हवा. तिथे 'पेट के कीड़े' म्हटलं की काम होतं.

तिसरी योजना म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाली. डॉक्टरांचं फिरतं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि वाढीतले अडथळे अशा चार गटांत प्रत्येक मुलाची तपासणी होते. कमी दिसणं, कमी ऐकू येणं यापासून हृदयाच्या छिद्रापर्यंत. पुढचे उपचार, गरज पडली तर शस्त्रक्रियाही, मोफत. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सोय आहे हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं?

आता अडतं कुठे ते पाहा. आपल्या पट्ट्यात कंपन्या वाढतात तशा इमारती वाढतात आणि इमारती बांधणारी कुटुंबं साईट संपली की हलतात. एखाद्या मुलीला फळ्यावरचं दिसत नाही हे पथकाला नोव्हेंबरात कळलं, पुढे पाठवायची चिठ्ठी दिली, चष्मा मंजूर झाला. तोवर तिचे आईवडील मोशीहून तळेगावला गेलेले. नव्या शाळेत तपासणी होऊन गेलेली असते, म्हणजे पुन्हा पुढच्या वर्षी. चिठ्ठी जुन्या शाळेच्या कपाटात आणि मुलगी नव्या शाळेत पहिल्या बाकावर डोळे बारीक करून बसलेली. यात कोणा एकाची चूक नाही, आणि म्हणूनच ते दुरुस्तही होत नाही. रजनी परांजपे यांच्या डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्थेने १९८८ पासून हेच ओळखून शाळा मुलांच्या दारात नेली, बांधकामाच्या जागी वर्ग घेतले, गाडीतच शाळा भरवली. आपण तेवढं करू शकणार नाही. पण तपासणीच्या दिवशी शाळेत हजर राहून प्रत्येक चिठ्ठीचा फोटो त्या मुलाच्या पालकांच्या मोबाईलवर, त्यांना समजेल त्या भाषेत, पोचवणं हे वीस विद्यार्थ्यांचं एका दिवसाचं काम आहे. केळी वाटण्यापेक्षा कठीण नाही.

नागरिकत्वाचं काय, असं तुम्ही म्हणाल. ते वेगळं राहिलंच नाही. १२ फेब्रुवारी २०२० ला आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचं आणि अकरा विषय घ्यायचे ठरलं. पोषण, मानसिक आरोग्य, व्यसनापासून बचाव, इंटरनेटचा सुरक्षित वापर यांच्याच यादीत एक विषय आहे 'मूल्ये आणि जबाबदार नागरिकत्व'. आरोग्याच्या यादीत नागरिकत्व! मला आधी ते उगाच घुसडलेलं वाटलं. पण नळाचा प्रश्न घेतला की लक्षात येतं. नळ बसवायचा कोणी? मागायचा कोणाकडे?

शिक्षणहक्क कायदा २००९ प्रमाणे अनुदानित नसलेल्या खाजगी शाळा वगळता प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा असतो. बऱ्याच शाळांत मुलांचं मंत्रिमंडळही असतं, त्यात एक आरोग्यमंत्री, एक स्वच्छतामंत्री. एरवी यांचं काम नखं तपासण्यापुरतं. मी ज्या जिल्हा परिषद शाळेत जाते तिथल्या आरोग्यमंत्री सहावीत आहेत. तिला आम्ही मोबाईलचं स्टॉपवॉच दिलं आणि नळावर उभं केलं. तिने तीन दिवस नोंदी केल्या. कोण साबण लावतं, किती सेकंद, रांग किती लांब. मग वहीच्या पानावर अर्ज लिहिला, अगदी 'अर्ज करण्यास कारण की' पासून, खाली आकडे. तो समितीच्या बैठकीत तिच्याच वर्गातल्या एका मुलाच्या आईने वाचून दाखवला. ठराव झाला, ग्रामपंचायतीकडे गेला. दोन महिने काहीच घडलं नाही. तिने दुसरा अर्ज लिहिला. पाईप आला. माझ्या मते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण त्या दोन अर्जांत होतं, विशेषतः दुसऱ्या अर्जात.

याच जातीचे मोठे प्रयोग आपल्या जवळच झालेत. मुळा नदीकाठच्या बोपखेलमध्ये महापालिकेची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. आकांक्षा फाउंडेशन ती महापालिकेच्या भागीदारीत चालवतं. मुलांचं कुपोषण हा प्रश्न घेऊन शाळेने डॉक्टर, दुकानदार आणि धार्मिक क्षेत्रातली माणसं एकत्र आणली. पालकांना परवडणाऱ्या सामानात पौष्टिक स्वयंपाक कसा करायचा ते शिकवलं. २०२२ मध्ये 'जगातील सर्वोत्तम शाळा' पारितोषिकाच्या समाज-सहभाग विभागात ही शाळा पहिल्या दहांत होती. लष्करी हद्दीतून जाणारा रस्ता २०१५ मध्ये बंद झाल्यावर नदीवरचा पूल २०२४ मध्ये खुला होईपर्यंत वर्षानुवर्षं वळसा घालणारं हे गाव, तिथे दुकानदाराला सोबत घेण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०२५ मध्ये त्याच विभागाच्या पहिल्या दहांत खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आली. शिक्षक दत्तात्रय वारे यांच्या या शाळेत मुलंच 'विषयमित्र' होऊन एकमेकांना शिकवतात.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. बाहेरून आलेला पाहुणा मुख्य नाही. इथे कंपन्यांच्या सीएसआरबद्दल थोडं बोलायला हवं. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून शाळांना चांगल्या वस्तू मिळतात हे खरं. पण मी एका शाळेत चकचकीत वॉटर फिल्टर पाहिला, वर फित कापल्याचा फोटो, आणि आतली कँडल कोणी बदलायची हे कुणाला माहीत नाही म्हणून तो बंद. वस्तू देताना देखभालीचं वेळापत्रक आणि सुट्या भागाच्या दुकानाचा पत्ता दिला असता तर? आपण मेकॅनिकलवाले 'प्रिव्हेंटिव्ह मेन्टेनन्स' परीक्षेत दहा मार्कांना लिहितो. शाळेच्या भिंतीवर ते एक पान मराठी आणि हिंदीत लावून यायला काय हरकत आहे?

आता आमच्या शाळेतल्या पाईपविषयी एक अडचण आहे. हात धुतलेलं पाणी मैदानात साचतं आणि डास होतात. म्हणजे एक आजार घालवायला गेलो तर दुसरा तयार. ते पाणी परसबागेतल्या पालक-मेथीकडे वळवायचं आणि उरलेलं शोषखड्ड्यात सोडायचं असा विचार आहे. त्यासाठी मैदानाचा उतार मोजावा लागेल. दुसऱ्या वर्षाच्या सिव्हिलच्या चारजणांनी नावं दिली आहेत. सर्व्हे लॅबमधली ऑटो लेव्हल एका शनिवारसाठी मिळेल का, हे सरांना विचारायचं आहे. त्यांनी हे वाचलं असेल तर बरं होईल.